फोटोत भलताच रंग येतोय? आधी हे बघा

रंग कुठं आलाय त्यावरनं कारण कळतंय, म्हणून फोटो १०० टक्के झूम करून बघा. बेळगावजवळच्या राजहंसगडावर सूर्य फ्रेममध्ये घेतला की हिरवा ठिपका येतोय ना, ते भूत-बित काय नाही, लेन्समधलं रिफ्लेक्शन, सूर्याच्या बरोबर उलट्या बाजूला सापडतंय, कॅमेरा जरा वळवला की सरकतंय. फांद्यांना जांभळी कड असली तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येणारं भोक) एफ ८ करा, बरीच कमी होते.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या साड्यांचे फोटो काढणाऱ्यांचा त्रास वेगळाच, बारीक विणीवर रंगीत लाटा उठतात, त्याला मॉयरे म्हणतात, वीण आणि सेन्सरचे (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचे) पिक्सेल दोन्ही तितकेच बारीक झाले की असं होतंय. दोन पावलं मागं-पुढं व्हा नाहीतर साडी तिरकी धरा, एडिटिंगमध्ये काढत बसू नका, साडीचा खरा रंगच जातोय आणि मग गिऱ्हाईक भांडतंय. झूम केल्यावर लाटा गायब झाल्या तर त्या फक्त स्क्रीनच्या, सोडून द्या.

गणपतीच्या एलईडी लायटिंगमध्ये आडवे पट्टे? शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून बघा, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आणि लाल टिंब प्रत्येक फोटोत त्याच जागी असलं तर लेन्सला टोपण लावून लांब एक्सपोजर घ्या, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवा, तिथंच दिसलं की हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा बिघडलेला ठिपका.