तासापूर्वीची धडधड कशी आवरावी
वर्गात शिरण्यापूर्वी नवख्या शिक्षकाची छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, ती ॲड्रेनलिन या संप्रेरकामुळे. तो अपुऱ्या तयारीचा पुरावा नव्हे. दाराशी थांबून ४ आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि ६ मोजत सावकाश सोडावा, कारण लांबलेल्या उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात.

खरी भीती पहिल्या ५ मिनिटांची असते. तेवढी वाक्ये घरी उभे राहून मोठ्याने म्हणावीत. मनातल्या मनात केलेली उजळणी फळ्यासमोर साथ देत नाही. सोलापुरात मराठीबरोबरच कन्नड आणि तेलुगू घरांतली मुलेही एकाच बाकावर बसतात, त्यामुळे आपले बोलणे सर्वांना कळेल का, ही नवख्या शिक्षकाची धास्ती रास्तच आहे. अशा वेळी ओळखीच्या उदाहरणाने आरंभ करावा: चादरीच्या मागावरचा उभा ताणा आणि आडवा बाणा यांवरून आलेखाचे अक्ष समजावता येतात, आणि मुलेच बोलू लागली की शिक्षकाला सावरायला उसंत मिळते. (एप्रिलच्या उन्हात घशाची कोरड निव्वळ भीतीची नसते, पाण्याची बाटली जवळ असू द्यावी.)

एखाद्या प्रश्नाचे उत्तर न सुचल्यास तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि पुढचा तास त्यापासूनच सुरू करावा.