आघातातून गेलेल्या व्यक्तीची मुलाखत घेताना

वेळ आणि जागा समोरच्या व्यक्तीला ठरवू द्या. बसायला दाराजवळची खुर्ची द्या. उठून जायची वाट दिसत असली की माणूस जरा सैलावतो. रेकॉर्डर सुरू करण्याआधी सांगा: बातमी कुठे येणार, नाव आणि फोटो वापरणार का, कुठलाही प्रश्न नाकारता येतो, मधेच थांबताही येतं. ही संमती एकदा घेऊन भागत नाही. प्रसिद्ध करण्याआधी पुन्हा विचारा, कारण बोलून झाल्यावर अनेकांचा विचार बदलतो.

‘तेव्हा कसं वाटलं?’ हा प्रश्न टाळाच. ‘ओरडला का नाहीत?’ यात तर सरळ दोषारोप ऐकू येतो. त्यापेक्षा ‘कुठून सुरुवात करावीशी वाटते?’ असं विचारा. घटनाक्रम मागेपुढे झाला म्हणून माणूस खोटं बोलतोय असं समजू नका. आघाताच्या आठवणी बऱ्याचदा तुकड्यातुकड्यांनी येतात. पडताळणी हवीच, पण ती कागदपत्रं आणि इतर साक्षीदारांकडून. त्याच व्यक्तीची उलटतपासणी करून नव्हे. सर्वांत वेदनादायक प्रसंगावर मुलाखत संपवू नका. शेवटची दहा मिनिटं आजच्या दिनक्रमावर बोला.

आत्महत्येच्या बातमीत पद्धत, ठिकाण आणि चिठ्ठीतला मजकूर देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात, कारण अशा तपशिलांमुळे अनुकरणाचा धोका वाढतो. ‘नापास झाल्यामुळे’ असं एकच कारणही चिकटवू नका. मजकूर जपून लिहिला तरी मथळा संपादकीय डेस्कवर बदलतो, तेव्हा तो स्वतः पाहा. मदतवाहिनीचा क्रमांक देण्याआधी फोन लावून खात्री करा.