टॅलिलिनच्या वाफेच्या गाडीने जाताना या चुका टाळा

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, कार्डिगनच्या उपसागराला लागून टाउइन नावाचे छोटे गाव आहे. तेथून निघणारी टॅलिलिन रेल्वे सुमारे 12 किलोमीटर आत, डोंगरातील नान्त ग्वेर्नोलपर्यंत जाते. तिचे रूळ 686 मिलिमीटर रुंदीचे आहेत, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानच्या 610 मिलिमीटरपेक्षा किंचित रुंद. ब्रिन एग्लुइसच्या खाणीतील स्लेटचा दगड किनाऱ्यापर्यंत आणण्यासाठी 1865 मध्ये ही रेल्वे बांधली गेली. खाण बंद पडल्यावर आणि 1950 मध्ये मालक सर हेडन जोन्स यांचे निधन झाल्यावर ती मोडीत निघाली असती. परंतु लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था स्थापन केली आणि 14 मे 1951 रोजी स्वयंसेवकांच्या बळावर गाडी पुन्हा सुरू केली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे होय. ब्रिटनमध्ये राहणारी किंवा तेथे मुलांकडे गेलेली अनेक मराठी कुटुंबे उन्हाळ्यात या भागात सहलीला जातात. त्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ एकाच समजुतीत असते, आणि ती म्हणजे हे करमणुकीच्या बागेतील खेळणे आहे. प्रत्यक्षात ही स्वतःचे वेळापत्रक, सिग्नल आणि नियम असलेली खरीखुरी रेल्वे आहे, आणि तिच्याशी तसेच वागावे लागते.

पहिली चूक घरून निघण्यापूर्वीच होते. टाउइन हे नाव इंग्रजी नकाशावर दोन ठिकाणी सापडते. आपल्याला हवे ते टाउइन पश्चिम किनाऱ्यावर आहे. दुसरे, जवळजवळ तसाच उच्चार असलेले पण स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असलेले, उत्तर किनाऱ्यावर रिल आणि अ‍ॅबर्गेलच्या मध्ये आहे. फोनमध्ये नाव बोलून शोधले की दुसरेच गाव समोर येऊ शकते आणि चूक लक्षात येईपर्यंत डोंगराच्या पलीकडे जाऊन पोहोचण्याची वेळ येते. म्हणून गावाऐवजी थेट टाउइन व्हार्फ या स्थानकाचे नाव शोधावे. व्हार्फ म्हणजे धक्का. मालाच्या चढउतारासाठी बांधलेल्या धक्क्यावरून हे नाव पडले आहे. गावात मोठ्या रेल्वेचे स्थानकही आहे, आणि ते व्हार्फपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. दोन्ही एकच समजून मोठ्या स्थानकाच्या फलाटावर वाफेच्या गाडीची वाट पाहणारे लोक मी पाहिले आहेत.

मोटारीऐवजी रेल्वेने येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बर्मिंगहॅम आणि श्रूजबरीकडून येणारी गाडी मखन्लेथला दोन भागांत विभागली जाते. एक भाग अ‍ॅबरिस्टविथला जातो आणि दुसरा किनाऱ्याने पुल्हेलीकडे. आपल्याला पुल्हेलीच्या भागात बसायचे असते. श्रूजबरीला गाडीची दिशा बदलते, त्यामुळे बर्मिंगहॅमला जे डबे पुढे होते ते मागे होतात, आणि 'पुढचे डबे' एवढेच लक्षात ठेवून बसलेला प्रवासी गोंधळून चुकीच्या भागात राहतो. डब्यातील फलक आणि उद्घोषणा यांवर भरवसा ठेवावा. शंका असल्यास श्रूजबरी सुटल्यावर कंडक्टरला विचारावे. ही विचारणा त्यांना रोजची असते. किनाऱ्याच्या मार्गावर गाड्या साधारण दोन तासांच्या अंतराने असल्याने एक गाडी चुकली की दिवसाचे गणित कोलमडते.

टॅलिलिन हे नाव ऐकून, गाडी त्याच नावाच्या तलावापर्यंत नेते असे अनेकांना वाटते. तसे नाही. तलाव मार्गाच्या वरच्या टोकाजवळील अ‍ॅबरगनॉल्विन या गावाच्या पुढे काही मैलांवर आहे आणि रूळ तेथपर्यंत पोहोचतच नाहीत. त्याच चालीवर, 'समुद्रकिनाऱ्यावरची रेल्वे' असे ऐकून आलेल्यांना वाटते की गाडी लाटांच्या कडेने धावेल. ही रेल्वे किनाऱ्यावरून निघते खरी, पण लगेच आत वळून फाथ्यू नदीच्या दरीच्या दक्षिण उतारावर चढू लागते. समुद्राच्या कडेने जायचे असेल तर त्यासाठी वर सांगितलेला पुल्हेलीचा मोठा मार्गच उत्तम आहे. टॅलिलिनचे सौंदर्य दरीत आहे, आणि जाताना ती दरी डाव्या हाताला उघडत जाते. ज्यांना दृश्य पाहायचे आहे त्यांनी जाताना डाव्या बाजूची खिडकी धरावी.

आता दारांविषयी. या डब्यांची दारे एकाच बाजूला उघडतात, आणि नवखा प्रवासी दुसऱ्या बाजूचे दार ओढून पाहतो. यामागे मोठा इतिहास आहे. 1866 मध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर यांनी रेल्वेची तपासणी केली, तेव्हा मार्गावरील पूल इतके अरुंद असल्याचे दिसले की डब्याचे दार उघडले तर ते पुलाच्या भिंतीला लागले असते. पूल पाडून नवे बांधणे परवडणारे नव्हते. तेव्हा असा तोडगा निघाला की डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद करायची आणि पुलांखाली रूळ थोडे सरकवून उघडणाऱ्या दारांच्या बाजूला पुरेशी जागा करायची. हीच व्यवस्था आजही चालू आहे. त्यामुळे खिडकीतून डोके, हात किंवा फोन बाहेर काढणे येथे केवळ नियमाविरुद्ध नाही, तर धोक्याचे आहे. पुलाच्या दगडी भिंती खरोखरच हाताच्या अंतरावरून जातात. लहान मूल बरोबर असेल तर ते खिडकीपाशी उभे राहू नये याकडे प्रौढाने सतत लक्ष द्यावे.

डब्यांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याची वाट नसते आणि स्वच्छतागृहही नसते. चढताना सुमारे तासभराचा प्रवास असतो, म्हणून निघण्यापूर्वी व्हार्फवरच सोय आटोपून घ्यावी. सर्वांनी एकत्र बसायचे असेल तर गाडी फलाटावर लागताच एक कक्ष ठरवून घ्यावा, कारण वाटेत जागा बदलता येत नाही.

इंजिनाला लागून असलेल्या डब्यात बसण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि तेथे वाफेचा ठसठशीत आवाज मिळतो हेही खरे. मात्र त्याच डब्यावर धूर आणि कोळशाची बारीक राख सर्वाधिक पडते. दमा असलेल्यांनी, तान्हे बाळ असलेल्यांनी आणि पांढरे किंवा रेशमी कपडे घातलेल्यांनी शेवटच्या डब्यांकडे जावे. डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा आणि पापण्या वारंवार मिटाव्यात. त्यासाठी पाण्याची बाटली बरोबर असावी. जुलै असला तरी एक स्वेटर आणि पावसाळी जाकीट न्यावे, कारण अटलांटिकवरून येणारे ढग या डोंगरांवर न बरसता क्वचितच जातात.

वेळापत्रकाची चूक सर्वांत महाग पडते. वर्षातील काही काळ गाड्या चालतच नाहीत, आणि हंगामातही दर दिवशी सारखीच फेरी असते असे नाही. 'काल होती, मग आजही असेल' हा हिशेब येथे लागू पडत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या तारखेचे वेळापत्रक पाहावे आणि फोनमध्ये साठवून ठेवावे, कारण दरीत मोबाइलची रेंज भरवशाची नाही. केवळ वाफेच्या इंजिनासाठीच प्रवास करत असाल तर निवडलेली फेरी वाफेची आहे की डिझेलची हे विचारून घ्यावे; एखादे इंजिन अचानक नादुरुस्त झाले तर डिझेलचा आधार घ्यावा लागतो, आणि त्यात कोणाचीही फसवणूक नसते. 1984 पासून ऑगस्टमध्ये येथे गाडीबरोबर धावण्याची शर्यत भरते. धावपटू शेतांमधून अ‍ॅबरगनॉल्विनपर्यंत जाऊन परत येतात. शर्यत पाहण्यात रस नसेल तर तो दिवस टाळावा, कारण गावात वाहन लावण्यास जागा मिळत नाही.

मधल्या स्थानकांवर उतरताना परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून ठेवावी. दोलगोखला उतरून धबधब्याकडे जाणे ही उत्तम कल्पना आहे, आणि चढत्या गाडीचे इंजिन तेथेच पाणी भरत असल्याने ते दृश्यही पाहायला मिळते. मात्र धबधब्यावर रमून गाडी चुकली तर खाली रस्ता आहे एवढाच दिलासा असतो. नान्त ग्वेर्नोलची परिस्थिती याहून अवघड आहे, कारण त्या स्थानकापर्यंत मोटारीचा रस्ताच जात नाही. 1976 मध्ये प्रवासी गाडी तेथपर्यंत नेली गेली, त्यापूर्वी तो मार्ग केवळ खाणीतील दगड वाहून नेण्यासाठी होता. गाडी चुकली तर जंगलातील पायवाटेने अ‍ॅबरगनॉल्विन गावात उतरावे लागते. 'मला तेथे घेण्यास या' असा निरोप देऊन काहीच साधत नाही. अ‍ॅबरगनॉल्विनचे स्थानकही गावापासून सुमारे अर्धा मैल दूर आहे, ही गोष्ट जेवणाच्या वेळेचा हिशेब करताना विसरू नये.

छायाचित्रांच्या बाबतीत चांगली जागा शोधताना लोक रुळांच्या कडेला उतरतात. हे कटाक्षाने टाळावे. रुळांवरून जाणारे पूल आणि सार्वजनिक पायवाटा येथे भरपूर आहेत, आणि चढावर जोर लावणारे इंजिन तेथून अधिक चांगले टिपता येते. दुसरी संधी शेवटच्या स्थानकावर मिळते: इंजिन डब्यांपासून सुटते, बाजूच्या रुळावरून पुढे जाऊन दुसऱ्या टोकाला जोडले जाते. इंजिनाची चिमणी चढावाच्या दिशेला असते, त्यामुळे समोरून छायाचित्र हवे असेल तर ते जातानाच घ्यावे. परतताना इंजिन उलटे धावते.

इंजिनांची नावे आणि क्रमांक ओळखून गेलात तर प्रवासाचा अर्थ वाढतो. 1 क्रमांकाचे टॅलिलिन आणि 2 क्रमांकाचे दोलगोख ही दोन्ही रेल्वेच्या सुरुवातीच्या काळातील, व्हाइटहेवनच्या फ्लेचर जेनिंग्ज कंपनीने बांधलेली. 1951 च्या त्या पहिल्या हंगामात दोलगोख एकटेच चालण्याच्या स्थितीत होते. 686 मिलिमीटर ही रुंदी दुर्मीळ असल्याने दुसऱ्या रेल्वेचे इंजिन मागून आणणे शक्य नव्हते. शेजारची कॉरिस रेल्वे त्याच रुंदीची होती आणि नुकतीच बंद पडली होती. तिची उरलेली दोन इंजिने 1951 मध्ये प्रत्येकी 25 पौंडांना विकत घेण्यात आली, आणि योगायोग असा की त्यांचे क्रमांक आधीच 3 आणि 4 होते. ती आज सर हेडन आणि एडवर्ड थॉमस या नावांनी ओळखली जातात. 2021 मध्ये युनेस्कोने वेल्सच्या वायव्येकडील स्लेट प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात ब्रिन एग्लुइसची खाण, अ‍ॅबरगनॉल्विन गाव आणि ही रेल्वे या सर्वांचा समावेश आहे. व्हार्फवरील नॅरोगेज संग्रहालय स्थानकाच्याच इमारतीत असूनही गाडी सुटण्याच्या दोन मिनिटे आधी पाहून होईल अशी समजूत करून घेऊ नये. त्यासाठी निदान तासभर ठेवावा.

गार्ड आणि फायरमन बहुतेक वेळा स्वयंसेवक असतात, आणि प्रश्न विचारले की ते आनंदाने उत्तर देतात. फक्त गाडी सुटण्याच्या क्षणी त्यांना अडवू नये. त्या वेळी त्यांचे लक्ष पाण्याच्या पातळीवर आणि शिटीवर असते. जरा थांबून विचारलेला प्रश्न अधिक मनमोकळे उत्तर मिळवून देतो. दिवसाची शेवटची गाडी व्हार्फला परतली की लगेच मोटारीकडे धावू नये. पाचेक मिनिटे थांबावे. इंजिन डब्यांपासून मोकळे होऊन जवळच्या पेंड्रेच्या शेडकडे परत निघते, आणि मोकळ्या फलाटावरून त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहतो.