गाडी कर्जावर घ्यावी की ठेव मोडून? कोकणातल्या घराने हिशोब कसा मांडावा

मालवणात आमच्या नात्यातल्या एका घरी गाडी घ्यायचे ठरले, तेव्हा शोरूम पाहून आलेली मुले रंग आणि सनरूफ यांवर तावातावाने बोलत होती. आत्या कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "दोन म्हयने होडी वर असतली, तेवा हप्तो कोण भरतलो?" पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, बँकेचा हप्ता मात्र त्या दोन महिन्यांतही ठरल्या तारखेला खात्यातून वजा होतो. आंबा-काजूच्या बागायतदाराचे पैसे एप्रिल-मेमध्ये येतात आणि होमस्टे चालवणाऱ्याचे दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टीत. उत्पन्न हंगामी आणि हप्ता बारमाही, हा मेळ कसा घालायचा, हे गाडीचे मॉडेल ठरवण्याच्या आधी पाहावे लागते.

सुरुवात ऑन-रोड किमतीपासून करावी. जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. त्यावर एकरकमी वाहनकर, नोंदणी आणि विमा चढतो. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीवर हा कर ११ टक्के आणि डिझेल गाडीवर १३ टक्के आहे, म्हणजे ७ लाखांच्या पेट्रोल गाडीवर कराचेच ७७ हजार होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीचे दरपत्रक कोणी दाखवले तर ते बाजूला ठेवावे. शोरूमकडून प्रत्येक बाबीची वेगळी रक्कम लिहून घ्यावी. 'हँडलिंग' किंवा 'ॲक्सेसरीज पॅकेज' अशा नावाची ओळ दिसल्यास ती कशासाठी आहे, हे विचारण्यात संकोच करू नये; बहुतेकदा ती विचारल्यावर लहान होते.

हप्ता आधी स्वतःला भरावा

माझ्या मते संपूर्ण व्यवहारात सर्वांत उपयोगी पायरी हीच आहे, आणि लोक नेमकी हीच गाळतात. समजा, तुम्हाला ६ लाखांचे कर्ज लागणार आहे. साडेनऊ टक्के व्याजदराने पाच वर्षांसाठी त्याचा मासिक हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो. दर लाखाला २,१०० रुपये, असे लक्षात ठेवले की पुरते. त्यात इंधन, विमा आणि सर्व्हिसिंगसाठी महिना ५,००० रुपये धरावेत. हे १७,६०० रुपये गाडी दारात येण्याच्या एक वर्ष आधीपासून दर महिन्याच्या ठरावीक तारखेला वेगळ्या खात्यात टाकावेत, जणू गाडी घेतलीच आहे.

ही चाचणी मे महिन्यात सुरू करू नये, कारण तेव्हा हातात हंगामाचे पैसे असतात आणि पहिले दोन हप्ते सहज जातात. जूनमध्ये सुरू करावी. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, पावसाळ्याची बेगमी, शेतीची मजुरी आणि पाठोपाठ गणपती, या चार महिन्यांत जो हप्ता निभतो तो वर्षभर निभतो. ऑगस्टमध्येच खाते रिकामे राहू लागले, तर गाडी लहान घ्यावी किंवा वर्षभर थांबावे. त्यात बँकेचा दंड नाही आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डागही नाही. वर्ष पूर्ण झाले तर हाताशी २ लाख ११ हजार आणि वर थोडे व्याज जमते. तेवढे डाऊन पेमेंट वाढवल्यास कर्ज ३ लाख ९० हजारांवर येते आणि हप्ता १२,६०० ऐवजी ८,१९० रुपयांच्या आसपास राहतो.

हे पैसे वर्षभर ठेवायचे कुठे, याचे उत्तर सरळ आहे : बँकेच्या किंवा पोस्टाच्या बचत खात्यात, अथवा बँकेच्या एक वर्षाच्या आवर्ती ठेवीत. शेअर बाजारातल्या फंडाच्या एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेच्या गुंतवणुकीत, ते टाकू नयेत. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सेन्सेक्स काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून अधिक घसरला होता. पंधरा वर्षांनी लागणाऱ्या पैशाला अशी घसरण पचते, पुढच्या दसऱ्याला लागणाऱ्या पैशाला नाही. त्याच न्यायाने, मुलीच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीसाठी चालू असलेली एसआयपी गाडीच्या हप्त्यासाठी बंद करू नये.

पतसंस्थांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आपल्याकडे गावागावात पतसंस्था आहेत, त्यांचा एजंट दुकानात येऊन रोजची पिग्मी घेऊन जातो, आणि व्याजही बँकेपेक्षा अर्धा-एक टक्का जास्त मिळते. परंतु बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते (ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पर्यंत १ लाखच होती). पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. संस्था ओळखीची आणि चांगली असू शकते. तरी गाडीची सगळी पुंजी तिथे ठेवू नये.

ठेव मोडावी की कर्ज घ्यावे

हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांपासून शोरूमच्या विक्रेत्यापर्यंत सर्वजण सोडवतात, आणि बहुतेक वेळा चुकीचा सोडवतात. विक्रेत्याचा युक्तिवाद असा असतो : "काका, ६ लाखांची एफडी मोडू नका. सात टक्क्यांनी पाच वर्षांत तिच्यावर जवळजवळ अडीच लाख व्याज मिळेल. कर्जावर तुम्ही व्याज देणार फक्त दीड लाख. म्हणजे लाखभर रुपये तुमच्याच खिशात!" दोन्ही आकडे खरे आहेत. ठेवीवर सुमारे २ लाख ४९ हजार मिळतात आणि कर्जावर १ लाख ५६ हजार जातात. ऐकणारा चकित होऊन सही करतो.

गफलत अशी, की दरमहा १२,६०० रुपयांचा हप्ता ठेवीतून जात नाही. तो तुमच्या पगारातून किंवा धंद्यातून जातो. ज्याने ठेव मोडून गाडी रोखीने घेतली, त्याच्याकडे हे १२,६०० रुपये दर महिन्याला मोकळे राहतात. त्याने तेच पैसे सात टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत पाच वर्षे टाकले, तर शेवटी सुमारे ९ लाख ६ हजार होतात. कर्ज घेणाऱ्याची ठेव तेवढ्याच काळात ८ लाख ४९ हजारांवर पोहोचते. दोघांच्या दारात सारखीच गाडी, पण रोखीने घेणारा सुमारे ५७ हजारांनी पुढे असतो. यात ठेवीच्या व्याजावरचा प्राप्तिकर धरलेला नाही. मुदतीआधी ठेव मोडल्याने बुडणारे थोडे व्याजही धरलेले नाही. कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा जास्त असेल, तर कर्ज स्वस्त पडत नाही, एवढेच यातून घ्यायचे. अर्थात मोकळे राहिलेले १२,६०० रुपये दरमहा खरोखर बाजूला टाकले जाणार असतील तरच. ते हॉटेलात आणि मोबाइलमध्ये जिरणार असतील, तर हा हिशोब कोसळतो.

तरीही सगळी ठेव मोडावी, असे मी सांगणार नाही. अवघड दुखण्यासाठी इथला माणूस कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठतो, आणि ते बहुधा पूर्वसूचना न देता घडते. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता एवढी रक्कम ठेवीत तशीच राहू द्यावी. हंगामी उत्पन्न असणाऱ्यांनी बँकेत आणखी एक चौकशी करावी : ठेव तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढी उचल, मिळतो का. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो, व्याज वापरलेल्या रकमेवरच लागते, आणि मेमध्ये आंब्याचे पैसे आले की एकदम मोठा भरणा करता येतो. बागायतदाराला बारा सारख्या हप्त्यांपेक्षा हे कितीतरी सोयीचे पडते.

दर विचारताना कोणता दर, हे विचारावे

काही वर्षांपूर्वी एका शोरूममध्ये मला व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेन्सिलीने '७%' असे लिहून देण्यात आले. बँक साडेनऊ मागत असताना सात टक्के म्हणजे मेजवानीच वाटली. घरी येऊन हप्त्याला महिन्यांनी गुणले, तेव्हा कळले की तो 'फ्लॅट' दर होता. फ्लॅट दरात पाचही वर्षे मूळ रकमेवर व्याज लावतात, तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी. ६ लाखांवर सात टक्के फ्लॅट म्हणजे २ लाख १० हजार व्याज आणि १३,५०० रुपयांचा हप्ता. घटत्या शिलकीच्या हिशोबात, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावले तर, हा दर साडेबारा टक्के होतो. म्हणून टक्का बाजूला ठेवून हप्ता गुणिले महिने करावे, त्यातून कर्जाची रक्कम वजा करावी आणि आलेला आकडा तोलावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना बँकांनी व वित्तसंस्थांनी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. सही करण्यापूर्वी तो कागद मागून घरी आणावा. व्याजदर स्थिर असेल तर मुदतीआधी कर्ज फेडण्यावर शुल्क आहे का, तेही त्यातच पाहावे.

मुदत जितकी लांब तितका हप्ता गोड लागतो. तेच ६ लाख सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता ९,८०६ रुपये होतो, पण व्याज १ लाख ५६ हजारांवरून २ लाख २४ हजारांवर जाते.

लांब मुदतीची दुसरी अडचण विम्यात लपलेली असते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा दारातल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. पुरात गाडी पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी आयडीव्हीइतकी (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीइतकी) रक्कम देते, आणि ती तीन वर्षांनंतर मूळ किमतीच्या ४० टक्क्यांनी घटलेली असते. समजा, ७ लाखांच्या गाडीवर पूर्ण ७ लाख कर्ज सात वर्षांसाठी घेतले होते. तीन वर्षांनी बँकेची बाकी ४ लाख ५५ हजार असेल आणि आयडीव्ही ४ लाख २० हजार. विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. गाडी गेलेली असते आणि वर ३५ हजार देणे उरते. नदीकाठी किंवा खाडीलगत राहणाऱ्यांनी विमा घेताना इंजिन संरक्षणाचे जोड-कवच घ्यावे, आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून पाहू नये. पाणी शिरलेले इंजिन फिरवल्याने झालेली मोडतोड साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही.

शेवटचा हप्ता गेला की पुष्कळ जण पेढे वाटून मोकळे होतात. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचे नजरगहाण, म्हणजे गाडी तारण असल्याची नोंद, मात्र तसेच राहते. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यावा, आणि पत्राची मुदत संपण्याच्या आत आपल्या आरटीओत (पेण, सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरी, जिथे नोंदणी असेल तिथे) अर्ज करून नोंद काढून घ्यावी. नवी आरसी हातात आल्यावर तिची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवरचे बँकेचे नावही कमी करून घ्यावे.