स्वयंरोजगाराचे हिशेब आणि कर: अकाउंटिंग सॉफ्टवेअर कसे वापरावे

पगारदाराचा कर कंपनी कापते आणि त्याचा हिशेबही तीच ठेवते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या वास्तुविशारदाला, अभियंता सल्लागाराला किंवा डिझायनरला ही दोन्ही कामे स्वतःच करावी लागतात. टॅली प्राइम, झोहो बुक्स, व्यापार यांसारखी सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेशी आहेत, पण सुरुवातीची मांडणी चुकली तर वर्षाखेरीस त्यातून निघणारा नफा-तोटा पत्रकाचा आकडा करासाठी निरुपयोगी ठरतो. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रात एकट्याने व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीला समोर ठेवून लिहिले आहे.

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी व्यवसायासाठी वेगळे बँक खाते काढावे. एकट्याच्या व्यवसायाला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसते आणि पॅनही एकच असतो, त्यामुळे घरखर्च आणि व्यवसायखर्च एकाच खात्यातून सहज होऊ लागतात. नंतर किराणा आणि छपाईचे बिल वेगळे करत बसण्यापेक्षा हे एक काम आधी केलेले बरे. घरासाठी काढलेली रक्कम खर्चात न टाकता हिशेबातील ‘उचल’ या खात्यात नोंदवावी.

त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये ‘कंपनी’, म्हणजे आपल्या व्यवसायाची फाइल, तयार करताना आर्थिक वर्षाची सुरुवात १ एप्रिल ठेवावी, त्या दिवसाची बँकेतील शिल्लक, येणे बाकी असलेली बिले आणि संगणकासारख्या मालमत्तेची किंमत ओपनिंग बॅलन्स म्हणून भरावी. खर्चाची लेजर, म्हणजे हिशेबातील खाती, मोजकीच उघडावीत: जागेचे भाडे, इंटरनेट व फोन, प्रवास, सॉफ्टवेअरचे वर्गणी शुल्क, बाहेरून करून घेतलेले काम. लॅपटॉप खर्चात जात नाही. तो मालमत्तेत दाखवून आयकरासाठी त्यावर ४० टक्के दराने घसारा, म्हणजे वापरामुळे घटणाऱ्या किमतीची वजावट, घेतला जातो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर त्याच्या निम्मा. एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च सामान्यतः वजावटीस पात्र राहत नाही. म्हणून रोखीच्या नोंदींसाठी वेगळे लेजर ठेवून त्यावर नजर ठेवावी.

सर्वाधिक गोंधळ टीडीएसच्या, म्हणजे ग्राहकाने पैसे देतानाच कापून घेतलेल्या आयकराच्या, नोंदीत होतो, म्हणून तिथे थोडे थांबू या. समजा, जीएसटी नोंदणी असलेल्या सल्लागाराने पुण्यातील कंपनीला ६०,००० रुपयांचे बिल केले. दोघेही महाराष्ट्रातले असल्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचा ५,४०० आणि राज्याचा ५,४०० रुपये, असे एकूण बिल ७०,८०० रुपयांचे झाले. व्यावसायिक शुल्कावरील टीडीएस १० टक्के आहे, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ शुल्कावरच कापला जातो. त्यामुळे ६,००० रुपये कापून कंपनीने ६४,८०० रुपये जमा केले. इथे अनेकजण ६४,८०० रुपयेच उत्पन्न म्हणून नोंदवतात, आणि एका नोंदीत दोन नुकसाने होतात: जीएसटीची रक्कम उत्पन्नात मिसळते आणि कापलेला कर हिशेबातून नाहीसा होतो. योग्य नोंदीत उत्पन्न ६०,०००, ‘देय जीएसटी’ १०,८०० आणि ‘येणे टीडीएस’ ६,००० रुपये असते. सॉफ्टवेअरमध्ये बिलाची वसुली नोंदवताना ‘कर कापला’ हा पर्याय निवडून ६,००० भरावेत, म्हणजे त्या बिलाची बाकी शून्य होते. बाकी शून्य झाली नाही, तर काहीतरी राहिले आहे असे समजावे.

दर तिमाहीनंतर ‘येणे टीडीएस’ लेजरमधील रक्कम आयकर पोर्टलवर आपल्या पॅनसमोर दिसणाऱ्या टीडीएसशी जुळवावी. ग्राहकाने कर कापला, पण भरला नाही किंवा पॅन चुकीचा लिहिला, तर ते इथेच कळते आणि विवरणपत्र भरण्याआधी पाठपुरावा करता येतो.

आठवड्यातून एकदा बँकेचे स्टेटमेंट आयात करून रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या नोंदींशी त्याची जुळवणी, करावे. हे काम महिनाभर साठवले की ‘यूपीआयने गेलेले ४५० रुपये कशाचे’ हा प्रश्न कुणालाही सुटत नाही. प्रत्येक पावतीचा फोटो सॉफ्टवेअरमधील त्या व्यवहाराच्या नोंदीला (व्हाउचरला) जोडावा.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. बिलाचे क्रमांक त्या आर्थिक वर्षात सलग असावेत आणि १६ अक्षरांहून लांब नसावेत. ही मालिका सॉफ्टवेअरमध्ये एकदाच ठरवून द्यावी. नोंदणीदाराने लॅपटॉपसारख्या खरेदीवरील जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल, म्हणजे तो देय जीएसटीतून वजा केला असेल, तर ती रक्कम लॅपटॉपच्या किमतीत धरून त्यावर घसारा घेता येत नाही.

आगाऊ कर, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांत भरायचा आयकर, हा स्वयंरोजगारातील खरा ताण आहे. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होणार असेल, तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण कर भरायचा असतो. उशीर झाल्यास व्याज लागते. प्रत्येक तारखेच्या आठवडाभर आधी नफा-तोटा पत्रक काढावे, वर्षअखेरचा नफा अंदाजावा आणि त्यावरून हप्ता ठरवावा. हा कर व्यवसायाचा खर्च नाही, त्याचे लेजर वेगळे असते. महाराष्ट्राचा व्यवसाय कर मात्र, जो बहुतेकांसाठी वर्षाला २,५०० रुपये आहे, खर्चात दाखवता येतो.

वैद्यक, वकिली, अभियांत्रिकी, वास्तुरचना यांसारख्या ठरावीक व्यवसायांना एकूण प्राप्तीच्या किमान ५० टक्के नफा धरून कर भरण्याची अनुमानित सवलत मिळते. तिच्यासाठी वार्षिक प्राप्तीची मर्यादा ५० लाख रुपये आहे, आणि रोख प्राप्ती ५ टक्क्यांपर्यंत असल्यास ७५ लाख. तिथे आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. या सवलतीत हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नसते, म्हणून सॉफ्टवेअर सोडून देण्याचा मोह होतो. माझ्या मते तो टाळावा, कारण प्रत्यक्ष खर्च निम्म्याहून जास्त होतो की कमी, हे नोंदींशिवाय कळणार नाही. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यामुळे जुने कलम क्रमांक बदलले आहेत. सॉफ्टवेअर अद्ययावत करूनच नव्या वर्षाच्या नोंदी सुरू कराव्यात.

३१ मार्चनंतर येणी, देणी आणि बँक शिल्लक पुन्हा एकदा तपासून ट्रायल बॅलन्स (सर्व खात्यांच्या शिलकींची यादी), बिलांची यादी आणि टीडीएस लेजर सीएकडे पाठवावे. विवरणपत्र दाखल झाले की मागील वर्ष लॉक करून त्याचा बॅकअप संगणकाबाहेर ठेवावा, म्हणजे जुन्या तारखेची एखादी नोंद चुकून बदलून दाखल केलेल्या आकड्यांशी तफावत पडणार नाही.