आठ मीटरचं चित्र बघायचं कसं

मेलबर्नला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना फेडरेशन स्क्वेअरमधल्या एनजीव्हीत, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया या कलासंग्रहालयात नेते, ऑस्ट्रेलियातली आदिवासी चित्रकार एमिली काम उंग्वारे हिचं ‘बिग याम ड्रीमिंग’ दाखवायला. (तुम्ही जाल तेव्हा ते भिंतीवर लागलंय ना, हे आधी विचारून घ्या.) पाहुण्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “अगं, ही तर नुसती गिचमिड!”

ऐकून घ्यायचं आणि त्यांना मागे न्यायचं. चित्र जवळजवळ तीन मीटर उंच नि आठ मीटर रुंद आहे. लांब गेल्याशिवाय नजरेत मावत नाही. काळ्यावर पांढऱ्या रेषा, बस्स.

मग पुढे या आणि एकच रेषा पकडा. डोळ्यांनी, बोट नेलंत तर गार्ड धावत येईल. ती वळते, दुसरीला जाऊन मिळते, फुटते आणि बघता बघता हरवते. हरवू द्या. जिथे असाल तिथून दुसरी धरा. वर कुठलं, खाली कुठलं हे शोधत बसू नका. कॅनव्हास जमिनीवर अंथरून काढलेलं चित्र आहे. आधी आराखडा नाही, मागाहून दुरुस्ती नाही, दोन दिवसांत पूर्ण. साल १९९५, बाईंचं वय ऐंशीच्या पुढे.

शेजारची पाटी वाचायची ती आत्ता. याम म्हणजे कंद. जमिनीखाली पसरलेली त्याची मुळं आणि तो तयार झाला की वर जमिनीला पडणाऱ्या भेगा, दोन्ही या जाळ्यात आहेत. ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला, युटोपिया भागातलं अल्हाल्केर ही एमिलीची भूमी. तिच्या नावातलं ‘काम’ म्हणजे याच कंदाचं बी.

“म्हातारपणी अचानक चित्रकार झाली” असं कौतुकाने सांगतात, ते मला पटत नाही. कॅनव्हास हाती आला १९८८ च्या सुमारास, हे खरं. पण १९७७ पासून ती बाटिक करत होती, गरम मेणाने कापडावर रेघा ओढत. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून, बायकांच्या ‘अवेल्य’ विधीत, छातीवर नि दंडांवर रंगाचे पट्टे ओढत होती. हे सांगितलं की पाहुणे पुन्हा चित्राजवळ जातात.

फोटो घ्यायचा तर अख्ख्या चित्राचा नको, मोबाइलवर नुसती जाळी दिसते. हातभर तुकड्याचा घ्या, रेषा जिथे फुटते तिथला.