गरमीची जखम दुखत नाही, म्हणूनच फसवते

गरमी, म्हणजे सिफिलिस, हा लैंगिक संबंधातून लागणारा जिवाणूंचा आजार. लागण झाल्यावर साधारण 3 आठवड्यांनी (10 ते 90 दिवसांत केव्हाही) लिंगावर, योनीत, गुदद्वारापाशी किंवा तोंडात बहुधा एकच जखम होते. कडा टणक, तळ स्वच्छ, दुखणं जवळपास नाहीच. बाईला आत झाली तर दिसतही नाही. आणि 3 ते 6 आठवड्यांत ती आपोआप भरते. घोळ इथंच होतो. तोवर कुणी मेडिकलमधून मलम आणलेलं असतं, कुणी उष्णता समजून सब्जाचं पाणी सुरू केलेलं असतं. श्रेय त्याला जातं, जिवाणू मात्र रक्तात पसरलेले असतात.

पुढं काही आठवड्यांनी अंगावर बहुधा न खाजणारे चट्टे येतात. तळहात-तळपायांवरही आले तर फवारणीची ॲलर्जी म्हणून सोडू नका. तेही जातात. मग वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, आणि उपचार न झालेल्या काहींचं हृदय किंवा मेंदू उशिरा बिघडतो.

तपासणी रक्ताची: आरपीआर किंवा व्हीडीआरएल. ग्रामीण रुग्णालयात विचारा. जिल्हा रुग्णालयात यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. गावात बोलायचा संकोच वाटत असेल तर 1097 या मोफत नंबरवर विचारा. जखम नुकतीच असेल तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून जखम डॉक्टरला दाखवाच आणि 2 ते 4 आठवड्यांनी पुन्हा तपासा. एचआयव्हीची चाचणी त्याच वेळी करून घ्या. जखमेतून तोही सहज शिरतो.

औषध जुनंच आणि खात्रीचं: बेन्झाथिन पेनिसिलिन, 24 लाख युनिट, बहुधा दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. लागण वर्षाच्या आतली असेल तर एकदाच. जुनी किंवा केव्हाची ते माहीत नसेल तर दर आठवड्याला एक, असे 3 वेळा. कापूस वेचणीच्या गडबडीत तिसरी सुई चुकते, तसं करू नका. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. सुईनंतर 24 तासांत ताप, अंगदुखी होऊ शकते. ती जिवाणू मरताना येते, औषध बंद करायचं कारण नाही. पण लगेच धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, तर तिथंच डॉक्टरला सांगा.

जोडीदाराला सोबत न्या. एकट्यानं सुई घेतली तर घरातून पुन्हा लागण होते, कारण एकदा बरं झालं म्हणून शरीर पुढं रोखत नाही. उपचारानंतर जखम पूर्ण भरेपर्यंत, निदान 7 दिवस, संबंध टाळा. 6 आणि 12 महिन्यांनी पुन्हा आरपीआर करा. उपचाराआधी रिपोर्टमध्ये 1:32 असा आकडा असेल, तर तो 1:8 किंवा त्याखाली यायला हवा.

गरोदर बाईची चाचणी पहिल्याच तपासणीत व्हावी. उपचार राहिला तर पोटातलं बाळ दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मतं. तिच्यासाठी पेनिसिलिनच, दुसरं औषध चालत नाही.

निरोध सुरुवातीपासून वापरला तर धोका बराच कमी होतो. पण जखम त्याच्या बाहेर असेल तर तो अडवत नाही. एक्स्पायरी बघा, टोकातली हवा चिमटीनं काढा, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, रबर फाटतं. आणि मे महिन्यात तो गाडीच्या डिक्कीत किंवा टिनाच्या छताखालच्या पेटीत ठेवू नका. आपल्याकडच्या 45 अंशांत रबर कमकुवत होतं. घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा.